पोच मिळाली नाही म्हणून : सोलापुरातल्या एका विद्यार्थी आंदोलनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातलं एक कॉलेज. नाव सांगत नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी तेव्हा तिथे शिकवत होतो आणि विद्यार्थी विकास विभागाचं काम माझ्याकडे होतं. या कामात युवा महोत्सवाची टीम नेणं, रांगोळी स्पर्धेला परीक्षक शोधणं असं सगळं येतं. आंदोलन आलं तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

कॉलेजातली निम्मी मुलं आसपासच्या वस्त्यांमधली. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी. उरलेली अक्कलकोट, मोहोळ, दक्षिण सोलापूरकडून एसटीच्या पासावर येणारी. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, आणि कॅन्टीनमध्ये सगळ्यांची मिळून सोलापुरी. कला आणि वाणिज्यच्या तुकड्या अनुदानित होत्या. कॉम्प्युटरच्या मात्र विनाअनुदानित. हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. विनाअनुदानित तुकडीचा पगार फीमधून निघतो. फी आली नाही की तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा पगार थांबतो. त्या वर्षी तो थांबलेला होताच. संस्थेला खलनायक ठरवून हे प्रकरण सुटत नाही, म्हणून हे आधी सांगतोय.

दुसरी गोष्ट विद्यार्थी परिषदेची. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात कॉलेजांमधल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या, त्या हिंसाचारामुळे. मग वर्ग प्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थी निवडणुका कशा घ्याव्यात यावरच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी मान्य केल्या, २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुकीची तरतूद आली. आमच्याकडे मात्र वर्गात पहिला आलेला मुलगाच प्रतिनिधी होता. तो मुलगा गुणी होता, पण त्याची फी भरलेली होती आणि फी न भरलेल्यांपैकी कुणी त्याला ओळखत नव्हतं.

अडचण

परीक्षा सोमवारी सुरू होणार होती. आधीच्या सोमवारी फलकावर नोटीस लागली : ‘ज्या विद्यार्थ्यांची फी बाकी आहे त्यांना हॉल तिकीट दिले जाणार नाही, याची नोंद घ्यावी.’ खाली सही, शिक्का. कुणाची किती बाकी, कुणाला भेटायचं, शिष्यवृत्तीवाल्यांचं काय, यातलं काहीच नाही.

मुलांचं म्हणणं साधं होतं. आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज भरलेत, पैसे सरकारकडून यायचेत, त्याची शिक्षा आम्हाला का? ऑफिसचं म्हणणंही साधं होतं. पैसे आमच्याकडे आलेले नाहीत. दोन्ही बाजूंनी हे वाक्य पुढचे चार दिवस म्हटलं जात होतं, आणि दोन्हींत निम्मं खरं होतं.

मंगळवारी मुलांनी निवेदन लिहिलं. रेघांच्या फुलस्केपवर, एका हातचं सुवाच्य अक्षर, मागे एक्केचाळीस सह्या. घेऊन आली ती तिसऱ्या वर्षाची एक मुलगी. बरोबर पाच-सहा जण. खिडकीतल्या क्लार्कनी कागद घेतला आणि म्हणाले, ‘ठेवून जा.’

ती म्हणाली, ‘सर, आवक नंबर टाकून द्या की. आमच्या झेरॉक्सवर शिक्का मारा.’

‘साहेबांनी मार्क केल्याशिवाय आवक होत नाही.’

सरकारी किंवा निमसरकारी ऑफिसात महिनाभर बसलेला माणूसही सांगेल, की क्रम उलटा असतो : आधी आवक, म्हणजे आलेल्या कागदाची वहीत नोंद, मग साहेबांचं मार्किंग, म्हणजे तो कुणाकडे जायचा ते लिहिणं. प्राचार्य तेव्हा पुण्याला गेले होते. क्लार्कना एवढंच वाटत होतं, की साहेब नसताना आपल्या शिक्क्याने कागद आत आला तर उद्या विचारणा आपल्याला होईल. मुलीने कागद परत मागितला, खिडकीचा आणि कागदाचा एकत्र फोटो काढला आणि रात्रीपर्यंत तो तालुक्यातालुक्यांतल्या ग्रुपवर फिरला. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘पोच सुद्धा देईनात बे.’

फीची रक्कम कुणीच फिरवत नव्हतं. सगळे पोचेवरच बोलत होते.

त्या मुलीने नंतर मला सांगितलं, की घरी गेल्यावर आईने पहिला प्रश्न तोच विचारला. विड्या वळणाऱ्या बाया इथे वर्षानुवर्षं मोर्च्याला जातात, जिल्हाधिकारी कचेरीकडे, पूनम गेटला. त्यांना कागदाचं शास्त्र आपल्यापेक्षा जास्त कळतं. ‘पोच घेतलीस का? पोच न्हाई तर तू गेलीच न्हाईस, असं म्हणतेत ते.’ मांडीवरच्या सुपात कात्रीने कापलेली पानं, हात थांबवलेला नाही, नजर वर नाही, अशा अवस्थेत आईने हे सांगितलं.

बुधवार : आंदोलन उभं राहिलं

सकाळी नऊला फाटकाच्या आत, कडुनिंबाखाली साठेक मुलं बसली. उन्हाळा सोलापूरचा, दहानंतर उघड्यावर बसणं शक्यच नव्हतं. घोषणा नेहमीच्याच, ‘कोण म्हणतो देत नाही’ वगैरे. एक तिथेच बनलेली : ‘हॉल तिकीट हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं.’

आता एक गंमत, जी माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी आहे. फाटक झाडाच्या पूर्वेला होतं. सकाळी सावली पश्चिमेला, मोकळ्या मैदानाकडे. दुपारी सावली सरकली तशी मुलंही सरकली. चारला सावली बरोबर फाटकात होती आणि मुलंही. त्याच वेळी एका पदाधिकाऱ्यांची गाडी आत यायला निघाली आणि अडली. संध्याकाळी संस्थेच्या कागदावर शब्द आला ‘घेराव’. मुलं म्हणत होती, आम्ही जागचे हललोच नाही. माझ्या मते दोघेही आपापल्या परीने खरं बोलत होते.

पोलीस ठाण्याचे निरीक्षक येऊन गेले. सोलापूरला पोलीस आयुक्तालय आहे आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा जमावबंदीचा आदेश शहरात वरचेवर लागू असतो. त्यांनी शांतपणे सांगितलं, की संस्थेने लेखी दिलं तर कारवाई करावी लागेल, न दिलं तर आत बसलेल्या मुलांशी त्यांचं काही भांडण नाही. चेंडू संस्थेकडे टाकून ते निघून गेले. मला तो माणूस शहाणा वाटला.

स्टाफरूममध्ये दोन तट. एकाचं म्हणणं, ‘कुणीतरी भडकवलंय.’ त्यावर इतिहासाच्या ज्येष्ठ सरांनी चहा ढवळत सांगितलं, की डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वीस टक्क्यांनी वाढवलं, तिथून नवनिर्माण आंदोलन सुरू झालं आणि ९ फेब्रुवारी १९७४ ला गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. अमेरिकेत १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो शहरात चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. काही आठवड्यांत ते डझनावारी शहरांत पसरलं. ‘सुरुवात मेसच्या बिलाची किंवा काउंटरची असते,’ सर म्हणाले, ‘आपली खिडकीची आहे.’

मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं. साठ मुलं आणि अहमदाबाद! पण सरांचा मुद्दा आकाराचा नव्हता. फी थकणं ही आमच्याकडे दरवर्षीची गोष्ट. आधीच्या वर्षी आंदोलन का झालं नाही? कारण आधी प्रत्येक जण एकेकटा ऑफिसात जायचा, एकेकटा ओशाळायचा, मामाकडून उसने आणून भरायचा. फी थकलीय हे कुणी वर्गात सांगत नाही. या वर्षी एकाच नोटिसीने सगळ्यांची लाज एकत्र फलकावर लावली. सगळ्यांना एकच तारीख, एकच खिडकी आणि एकच नकार. मुलं ज्या झाडाखाली रोज डबा खातात तिथेच बसली. तक्रार तर आधीपासून होती. आता तिला सोबत मिळाली. विद्यार्थी आंदोलनाला विद्यार्थीच का लागतात, याचं उत्तरही बरंचसं इथेच आहे : रोज एका ठिकाणी जमणारे, अंगावर संसार नसलेले आणि परीक्षेच्या तारखेने बांधलेले असे दुसरे कोण असतात?

कोणासमोर काय पर्याय होते

मुलांसमोर पहिला मोठा प्रश्न बुधवारी दुपारीच आला. गळ्यात उपरणी घातलेले दोन वेगवेगळ्या संघटनांचे कार्यकर्ते आले. त्यांच्याकडे माईक होता, पत्रकारांचे नंबर होते, विद्यापीठात ओळख होती. अट न बोललेली : झेंडा लागेल. मुलांनी झाडामागे जाऊन वीस मिनिटं वाद घातला. झेंडा घेतला तर एका तटाची मुलं उठून जाणार. नाही घेतला तर गुरुवारी बातमी येणार नाही. शेवटी त्यांनी दोघांनाही सांगितलं, ‘दादा, इथं झेंडा नको. पण आमचं निवेदन केगावला विद्यापीठात आणि समाजकल्याणला नेऊन द्या, पोच घेऊन या.’ एक जण रुसून गेला. दुसरा खरंच गेला आणि दोन्ही ठिकाणचे आवक शिक्के घेऊन साडेपाचला परत आला. त्या दोन शिक्क्यांचं पुढे फार वजन पडलं. विद्यापीठातून कॉलेजला विचारणा झाली ती त्यामुळेच.

एवढ्या उन्हात, एवढ्या संतापात वीस मिनिटांत हा निर्णय घेणारी मुलं आम्ही ‘भडकवलेली’ म्हणत होतो.

संस्थेसमोर बुधवारी रात्री चार वाटा होत्या. पोलिसांना लेखी देणं. दुर्लक्ष करणं, म्हणजे शनिवारपर्यंत मुलं घाबरून पैसे आणतील. हमीपत्र घेऊन सगळ्यांना हॉल तिकीट देणं. किंवा पालकांना बोलावणं. पहिलीला प्राचार्यांनी, पुण्याहून फोनवरच, ठाम नकार दिला. याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. तिसरीला लेखा विभागाचा विरोध होता : ‘एकदा तिकीट हातात पडलं की पैसे कोण देतंय?’ हा आक्षेप अनुभवातून आलेला होता. पालकांना बोलावण्याची सूचना माझी. मला वाटलं, आई-वडील आले की मुलं नरमतील.

काय केलं

गुरुवारी पालक आले. त्यात आया जास्त. विडी कामगार बाईचा दिवस बुडतो म्हणजे त्या दिवशीच्या विड्या बुडतात; हजारामागे मजुरी, वळल्या नाहीत तर पैसे नाहीत. दिवस बुडवून आलेल्या बायकांना आम्ही हॉलमध्ये बसवून शिस्तीवर बोलायला लागलो. पाच मिनिटांत एकीने विचारलं, ‘सर, कागद का घेतला नाही?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्या उठल्या आणि बाहेर जाऊन कडुनिंबाखाली मुलींच्या शेजारी बसल्या. एकीने पिशवीतून पान-तंबाखू काढून वळायलाही सुरुवात केली. आंदोलन मोडायला बोलावलेले पालक आंदोलनात सामील झाले, आणि आता फोटो काढायला पत्रकारही आले.

संध्याकाळी प्राचार्य परतले. त्यांनी भाषण न करता खिडकीवर जाऊन निवेदन मागितलं, स्वतःसमोर आवक नंबर टाकायला लावला आणि शिक्का मारलेली प्रत त्या मुलीला दिली. टाळ्या पडल्या. मागणी एकही मान्य झाली नव्हती, तरी त्या रात्री मुलं घरी गेली.

खरं काम शुक्रवारी झालं, आणि ते सोमवारी व्हायला हवं होतं. आम्ही तीन शिक्षक, ऑफिसचे दोघे आणि चार मुलं एका कॉम्प्युटरसमोर बसलो आणि बाकीदारांची यादी महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलशी नावानिशी लावली. दोन्ही बाजूंच्या वाक्यांतलं उरलेलं निम्मं तिथे सापडलं.

काहींची शिष्यवृत्ती मंजूर होती, पण हप्ता आलेला नव्हता. मुलं म्हणत होती तशी. काहींचं मंजूर होऊन पोर्टलवर पडून होतं, कारण मुलांनी ‘रिडीम’चं बटण दाबलेलंच नव्हतं; ते दाबावं लागतं हे त्यांना माहीत नव्हतं. काहींचे अर्ज आमच्याच, कॉलेजच्या लॉगिनला अडकलेले होते. मुलांनी वेळेत भरलेले, आम्ही समाजकल्याणकडे पुढे न पाठवलेले. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. आणि काहींच्या खात्यात पैसे आलेले होते. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. फीचा भाग त्याने कॉलेजात भरायचा असतो. एका मुलाच्या घरी ते पैसे वडिलांच्या ऑपरेशनला गेले होते. तो दोन दिवस झाडाखाली सगळ्यात मोठ्याने घोषणा देत होता, आणि शुक्रवारी पडद्यावर आपलं नाव येताच खाली बघत म्हणाला, ‘माझं खर्च झालंय सर.’ बाकीची तीन मुलं त्याच्यावर चिडतील असं मला वाटलं होतं. त्यातल्या एकाने फक्त विचारलं, ‘हप्ते करता येतील का?’

शनिवारी सगळ्यांना हॉल तिकीट द्यायचं ठरलं, हमीपत्रावर. ज्याचा जसा प्रकार, तसा मजकूर. पण छापून आलेल्या हमीपत्रात शेवटी एक ओळ होती : ‘यापुढे कोणत्याही आंदोलनात सहभागी होणार नाही.’ ती कुणी घातली हे आजतागायत कळलं नाही. मुलांनी सही करायला नकार दिला. राज्यघटनेचं कलम १९ शांततेने एकत्र जमण्याचा हक्क देतं, हे त्यांना राज्यशास्त्राच्या पेपरसाठी पाठच होतं. वेळ नव्हता म्हणून पुन्हा छापलं नाही. प्राचार्यांनी प्रत्येक प्रतीवर ती ओळ पेनने खोडून बाजूला सही केली. दुपारी दोन वाजेपर्यंत त्यांचा हात दुखायला लागला होता.

निष्पत्ती

सोमवारी पेपर सुरळीत झाले. अडकलेले अर्ज पुढे गेले. हप्तेवाल्यांपैकी बहुतेकांनी पैसे भरले, काहींचे आजही येणं आहे. ऑपरेशनवाल्या मुलाने तीन हप्त्यांत पूर्ण भरले, हे मुद्दाम नोंदवतो.

पण हा विजय म्हणून सांगायचा तर बरंच झाकावं लागेल. एक मुलगा नोटीस वाचून मंगळवारीच पुण्याला चाकणला कामावर गेला होता. फोन लागेपर्यंत दोन पेपर होऊन गेले. तो परत आला नाही. कॉलेजच्या लॉगिनचं काम एकच कंत्राटी ऑपरेटर करायचा, सगळ्या तुकड्यांचे सगळे अर्ज, शिवाय प्रवेशाचं आणि परीक्षेचं काम. जूनमध्ये त्याचं कंत्राट वाढवलं नाही. जबाबदारी निश्चित झाली, असं कागदावर आलं. त्याला दुसरा माणूस द्या, हे दोन वर्षं तो तोंडी सांगत होता. त्यालाही पोच मिळाली नव्हती.

खिडकीवर आता आवक नोंदवही आहे, दोरीला पेन बांधलेलं. पहिली नोंद कुणीतरी पंख्याबद्दल केली.

वेगळं काय करता आलं असतं

नोटीस लावण्याआधी यादी पोर्टलशी लावायची होती. शुक्रवारी नऊ जणांनी सहा तासांत केलेलं काम जानेवारीत दोघांनी आठवडाभरात केलं असतं. परीक्षेच्या तोंडावर नोटीस लावली की पैसे लवकर येतात, हा ऑफिसचा जुना समज. पण परीक्षेच्या तोंडावर मुलांकडे गमावण्यासारखं दुसरं काही उरत नाही, हे त्यात धरलेलं नसतं.

पालकांना बोलावणं चुकलं. पालक आले हे बरंच झालं, पण आम्ही बोलावलं ते मुलांवर दाब आणायला, आणि ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. गुणांवर नेमलेल्या प्रतिनिधीला चर्चेला बसवण्याचा प्रयत्नही बुधवारी झाला होता. तो बिचारा दहा मिनिटांत उठला. फी थकलेल्यांनीच आपल्यातले चार निवडले, तेव्हा बोलणी पुढे सरकली.

मुलांचंही एक चुकलं. फाटकाची जागा सोडून बसण्याचं भान दुपारी कुणाला राहिलं नाही, आणि ‘घेराव’ शब्दामुळे दोघांना कारणे दाखवा नोटीस निघाली. ती मागे घ्यायला मला तीन महिने लागले.

आणि एक गोष्ट मी आतापर्यंत सांगायचं टाळलं. नोटीस लागण्याच्या आधीच्या शुक्रवारी तीच मुलगी दोघांना घेऊन माझ्याकडे आली होती. ऑफिसात फीवरून काहीतरी चाललंय, शिष्यवृत्तीवाल्यांना त्रास होईल, तुम्ही बोला, असं म्हणाली. मी युवा महोत्सवाच्या बिलांमध्ये होतो. ‘बघू,’ म्हणालो. त्यांनी लिहून आणलेली चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली. ती मला ऑगस्टमध्ये सापडली.

ती मुलगी आता हैदराबादला नोकरी करते. गड्ड्याच्या जत्रेला घरी आली तेव्हा होम मैदानावर भेटली. हे लिहायचं होतं म्हणून विचारलं, पुन्हा वेळ आली तर काय वेगळं करशील?

जरा विचार करून म्हणाली, ‘पहिल्यांदा तुमच्याकडंच आलो होतो ना सर. तेव्हाच झेरॉक्सवर तुमची सही घ्यायला पाहिजे होती.’